आडनाव झाकून वाचा



राजकारणातली घराणेशाही हा विषय टीव्हीवर रोज चघळला जातो, पण तिथे घराणेशाही नेहमी समोरच्या पक्षात असते. आपल्या पक्षात असते ती 'परंपरा'. एकाच्या मुलाला तिकीट मिळालं की घोर अन्याय, दुसऱ्याच्या मुलीला मिळालं की समर्थ वारसा. या वादात मला पडायचं नाही. मला नेत्यांपेक्षा आपल्याबद्दल बोलायचं आहे, म्हणजे मत देणाऱ्यांबद्दल. तिकीट पक्ष देत असेल, पण बटण आपलंच बोट दाबतं.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हा विषय काढायचा तर सुरुवात महालापासूनच करावी लागते. आपण इथे आलो ते शिंद्यांच्या मागे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून राजधानी इथे आणली, किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी पडली, छावणीचं शहर झालं आणि त्याचं नाव आजही 'लष्कर'च आहे. त्या छावणीबरोबर शिलेदार आले, कारकून आले, वैद्य आले, भिक्षुक आले, गवई आले. आपल्यापैकी बहुतेकांची आडनावं या यादीत कुठे ना कुठे सापडतील.

त्यानंतरही घराण्याचं नाव शहरभर राहिलं. हॉस्पिटल जयारोग्य, मेडिकल कॉलेज गजराराजा, मुलींचं कॉलेज कमलाराजा, इंजिनिअरिंगचं माधव, विद्यापीठ जिवाजी. नळाला पाणी येतं ते १९१६ मध्ये संस्थानानं बांधलेल्या तिघरा धरणाचं. इथल्या मुलाला बाराखडी यायच्या आधी शिंद्यांची अर्धी वंशावळ रिक्षावाल्याला पत्ते सांगता सांगता पाठ झालेली असते.

अशा शहरात जुन्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत मत कोणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. 'अरे, महाराजांना नाही तर कोणाला?' एवढ्यावर चर्चा संपायची. यात पक्ष कुठला, हे विचारायची पद्धत नव्हती. पक्ष नंतर कळायचा, कधी कधी तर मतदानाच्या आदल्या दिवशी चिन्ह समजावून घेताना.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर आपल्या शेजारच्या गुना मतदारसंघाचा हिशेब बघा. लोकसभेला या घराण्यातलं कोण, कधी आणि कुठल्या पक्षातून तिथे जिंकलं, त्याची ही यादी.

१९५७ : विजयाराजे, काँग्रेस
१९६७ : विजयाराजे, स्वतंत्र पक्ष
१९७१ : माधवराव, जनसंघ
१९७७ : माधवराव, अपक्ष
१९८० : माधवराव, काँग्रेस
१९८९, १९९१, १९९६, १९९८ : विजयाराजे, भाजप
१९९९ : माधवराव, काँग्रेस
२००२ (पोटनिवडणूक), २००४, २००९, २०१४ : ज्योतिरादित्य, काँग्रेस
२०२४ : ज्योतिरादित्य, भाजप

आमच्या धंद्यात एखादा बिघाड शोधायचा असेल तर एक गोष्ट तीच ठेवतात, बाकीच्या एकेक बदलून बघतात. इथे तो प्रयोग मतदारांनीच सत्तर वर्षं करून ठेवला आहे. पक्ष बदलला, चिन्ह बदललं, विचारधारा उजवीकडून डावीकडे आणि परत उजवीकडे गेली, देशात लाट कधी या बाजूची होती तर कधी त्या बाजूची. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट होती. तेव्हा भिंडहून राजमाता, गुनाहून सव्वीस वर्षांचे माधवराव आणि ग्वाल्हेरहून अटलबिहारी वाजपेयी, असे जनसंघाचे तिघे निवडून आले. १९७७ मध्ये उत्तर भारतात जनता पक्षाची लाट होती, तेव्हा गुनाला माधवराव अपक्ष म्हणून जिंकले. बदललं नाही ते फक्त नाव. म्हणजे मत पक्षाला पडत नव्हतं, आणि विचाराला तर नाहीच नाही.

यावर आपल्या वयाची, कॉलेज शिकलेली मुलं पटकन म्हणतात, 'लोक अडाणी आहेत.' मला हे मान्य नाही. नावाला मत देणारा मतदार मूर्ख नसतो, त्याच्याकडे कारणं असतात आणि ती समजून घ्यायला हवीत.

पहिलं कारण साधं आहे. मतदान यंत्रावर दहा-पंधरा नावं असतात. त्यातल्या बारा जणांबद्दल आपल्याला काहीही माहीत नसतं. तेव्हा जे नाव ओळखीचं आहे तिकडे बोट जातं. दुकानात अनोळखी साबणांच्या रांगेतून आपण घरात येणारा साबण उचलतो, तसंच.

दुसरं कारण कामाचं आहे. आपल्याकडे सरकारी काम अर्जानं कमी आणि ओळखीनं जास्त होतं. रेशनकार्ड, बदली, हॉस्पिटलमधली खाट, पोलीस ठाण्यातली तक्रार, यांसाठी 'वरपर्यंत' पोचणारा माणूस लागतो. ज्याचा फोन भोपाळ-दिल्लीत उचलला जातो, असा उमेदवार मतदाराला उपयोगाचा वाटतो, आणि मोठ्या नावाचा फोन उचलला जातोच. १९८८ मध्ये शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली ती माधवराव रेल्वे खातं सांभाळत असताना, आणि ती आपल्याच मार्गावरून धावली. ग्वाल्हेर अजून ते विसरलेलं नाही. हा मतदाराचा व्यवहार आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही.

तिसरं कारण कृतज्ञतेचं, आणि हे आपल्या घरांना सगळ्यात जवळचं. 'ज्यांचं मीठ खाल्लं' हा शब्दप्रयोग माझ्या पिढीला जुना वाटेल, पण ज्यांच्या पणजोबांना संस्थानात नोकरी होती, राहायला वाडा मिळाला, मुलांना शिक्षण मिळालं, त्यांना तो जुना वाटत नाही. त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, जी आपण बोलून दाखवत नाही. हिंदी मुलखात, जिथे आपण मूठभर आहोत, तिथे महालात गणपती बसतो, दसऱ्याला पूजा होते, मराठी बोललं जातं, याचा आपल्याला आधार वाटतो. तेव्हा आजोबा नावाला मत देत असतील तर ते 'आम्ही या शहरातले आहोत' हेही सांगत असतात. त्यांची टिंगल करणं मला जमत नाही.

पण त्यांची कारणं आपल्यालाही लागू आहेत का, हा प्रश्न मात्र विचारायला हवा.

२०१९ मध्ये हा प्रश्न गुनाच्या मतदारांनी विचारला. २०१४ मध्ये मोदी लाटेतही ज्योतिरादित्य तिथून सुमारे १ लाख २० हजारांनी जिंकले होते. पाच वर्षांनी तेच १,२५,५४९ मतांनी हरले. हरवणारे के. पी. यादव एके काळी त्यांच्याच गटातले कार्यकर्ते. गाडीत बसलेल्या महाराजांबरोबर, बाहेर उभं राहून सेल्फी घेणारे यादव, असा त्यांचा एक फोटो तेव्हा फिरत होता. ते २०१८ ची विधानसभा निवडणूक मुंगावलीतून हरलेले होते. घराण्यातलं कोणी गुनाहून लोकसभेला उभं राहिलं आणि हरलं, असं पहिल्यांदाच घडलं. त्या वर्षी देशात मोदींच्या नावाची लाट होती हे खरं. पण १९७१ आणि १९७७ च्या लाटा अडवणारी भिंत या वेळी टिकली नाही, हेही तितकंच खरं.

याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०२० मध्ये ज्योतिरादित्य भाजपमध्ये आले. २०२४ ला गुनाचं तिकीट कोणाला मिळालं? पक्षासाठी ही जागा पहिल्यांदा या नावाकडून जिंकून आणणारा, पाच वर्षं खासदार असलेला माणूस बाजूला झाला आणि तिकीट नावाला मिळालं. निकाल ५,४०,९२९ मतांच्या फरकानं लागला. समोर काँग्रेसचे उमेदवार कोण होते? राव यादवेंद्र सिंह, ज्यांचे वडील राव देशराज सिंह भाजपचे आमदार होते आणि माधवराव व ज्योतिरादित्य या दोघांविरुद्ध लोकसभा लढले होते. म्हणजे वडिलांची लढाई मुलानं पुढे चालवली, फक्त दोन्ही घरांनी मधल्या काळात पक्षांची अदलाबदल केली.

आपण म्हणतो की लोक नावाला मत देतात. पण लोकांसमोर यादी येते तेव्हा नावांची निवड आधीच झालेली असते. मतदारानं एकदा नाव नाकारून बघितलं, तर पुढच्या वेळी तेच नाव दुसऱ्या दारातून परत आलं. पक्ष म्हणतात, 'लोकांना नाव हवं असतं, आम्ही काय करणार?' लोक म्हणतात, 'पर्याय कुठे आहे?' दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि नाव मात्र चालू राहतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९८९ ते १९९८ या काळात गुनाहून आई भाजपची खासदार आणि शेजारच्या ग्वाल्हेरहून मुलगा खासदार, आधी काँग्रेसचा, १९९६ मध्ये स्वतःच्या मध्यप्रदेश विकास काँग्रेसचा, पुन्हा काँग्रेसचा. दोघांमधला दुरावा खरा होता, सगळ्या देशाला माहीत होता, आणि तो ठरवून केलेला होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण मतदाराच्या बाजूनं बघा. दिल्लीत सरकार कोणाचंही आलं तरी त्या सरकारात किंवा त्याच्या विरोधात एकाच घराचं माणूस. २०२४ मध्ये बारामतीत हेच दिसलं. लोकसभेला सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार, नणंद-भावजय. त्याच वर्षी विधानसभेला अजित पवार विरुद्ध युगेंद्र पवार, काका-पुतण्या. पहिल्या लढतीत एक पवार दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या, दुसरीत दुसरे पवार लाखभर मतांनी. बारामतीकरांनी दोन वेळा अगदी वेगळा कौल दिला आणि दोन्ही वेळा घर तेच राहिलं. मतदाराला निवड होती, पण ती एका अंगणातली होती.

आपलं मासिक ज्या ज्या गावी वाचलं जातं, तिथे थोड्याफार फरकानं हेच चित्र आहे. मजा अशी की प्रत्येक गावाचा धडा वेगळा आहे.

बडोद्यात गायकवाडांचं नाव शिंद्यांइतकंच मोठं, आणि सयाजीरावांचं काम बघता आदर त्याहून काकणभर जास्तच. फत्तेसिंहराव गायकवाड १९५७ मध्ये बडोद्यातून लोकसभेवर गेले, पुढे रणजितसिंह १९८० आणि १९८४ मध्ये गेले. पण १९९१ मध्ये रणजितसिंहांना हरवलं ते 'रामायण' मालिकेतल्या सीतेनं, दीपिका चिखलियांनी. घराण्याच्या ओळखीला टीव्हीवरच्या ओळखीनं मात दिली. १९९६ मध्ये सत्यजितसिंह गायकवाड जिंकले ते अवघ्या १७ मतांनी. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी बडोद्यातून उभे राहिले तेव्हा त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून राजघराण्यातल्या शुभांगिनीराजे गायकवाड होत्या आणि एक चहावालाही होता. नाव मत मागायचं थांबलं, पण आशीर्वाद द्यायला उरलं. मला वाटतं, नावाची ही जागा योग्य आहे.

इंदूरमध्ये अहिल्याबाईंचं नाव प्रत्येक पक्ष घेतो. पण त्या शहरानं १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा लोकसभेत पाठवलं ते चिपळूणहून सून म्हणून आलेल्या सुमित्राताई महाजनांना. पहिल्याच निवडणुकीत त्यांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवलं. मागे संस्थान नाही, मोठं राजकीय घराणं नाही. परप्रांतात मराठी माणूस नावाशिवाय निवडून येऊ शकतो का, या प्रश्नाचं उत्तर इंदूरनं पंचवीस-तीस वर्षं दिलं.

ग्वाल्हेरलाही असा माणूस होता. शाळामास्तरांचा मुलगा, इथेच जन्मलेला, इथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेला. १९८४ मध्ये अटलजी इथून उभे राहिले आणि ऐन वेळी समोर माधवराव आले. अटलजी पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी हरले. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट होतीच, त्यामुळे सगळं श्रेय किंवा दोष नावाला देता येणार नाही. पण पुढे पंतप्रधान झाले ते लखनौचे खासदार म्हणून, हे ग्वाल्हेरच्या माणसाला अजून थोडं लागतं.

गोव्यात १९७३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि मुख्यमंत्रिपद त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकरांकडे आलं. तिथपासून पन्नास वर्षांनी, २०२२ च्या विधानसभेत चाळीस आमदारांमध्ये तीन नवरा-बायकोंच्या जोड्या होत्या : राणे, मोन्सेरात आणि लोबो. पर्ये मतदारसंघात सासरे प्रतापसिंह राणे काँग्रेसचे, सून दिव्या भाजपकडून निवडून आल्या. पण त्याच निवडणुकीत कवळेकर पती-पत्नी दोघंही हरले. आणि पणजीत मनोहर पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल अपक्ष उभे राहून ७१६ मतांनी हरले. पर्रीकरांसारखं नाव, गावात इतका जिव्हाळा, तरीही नाव पुरलं नाही. पक्ष पाठीशी नसेल तर नावाची पोच किती, याचा तो हिशेब.

बेळगावकरांची गोष्ट सर्वांत अवघड. २०२४ मध्ये बेळगाव लोकसभेला एका बाजूला जगदीश शेट्टर, म्हणजे दिवंगत खासदार सुरेश अंगडींचे व्याही, आणि दुसऱ्या बाजूला मंत्री लक्ष्मी हेब्बाळकरांचे चिरंजीव मृणाल. शेजारी चिक्कोडीत एका बाजूला मंत्री सतीश जारकीहोळींच्या कन्या प्रियंका, दुसऱ्या बाजूला आमदार शशिकला जोल्लेंचे पती अण्णासाहेब. तिथल्या मराठी मतदारानं भाषेचा विचार करायचा, सीमाप्रश्नाचा करायचा, की या चार घरांतलं कुठलं घर बरं याचा? २०२१ च्या पोटनिवडणुकीत एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून जास्त मतं पडली होती. तो जिंकला नाही, पण नावाच्या बाहेर बघणारे लोक आहेत एवढं तरी मोजून झालं.

आता नेहमीचा आक्षेप. 'डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, वकिलाची मुलगी वकील होते, मग पुढाऱ्याच्या मुलानं काय पाप केलं?' पाप काहीच नाही. निवडणूक लढवायचा हक्क त्यालाही आहे. फरक एवढाच की डॉक्टरच्या मुलाला नीट द्यावी लागते, पाच वर्षं घासावी लागतात, आणि नापास झाला तर वडिलांची पाटी त्याला लावता येत नाही. पुढाऱ्याच्या मुलाची परीक्षा आपण घ्यायची असते. ती न घेताच पास केलं तर दोष मुलाचा नाही, परीक्षकाचा आहे. ज्यानं मतदारसंघात दहा वर्षं पायपीट केली आहे, ज्याला प्रश्न कळतात, त्याचे वडील मंत्री होते म्हणून त्याला नाकारणं हाही आळसच.

दुसरा मुद्दा बायकांचा, आणि तो मला खरोखर विचारात पाडतो. विजयाराजे, शशिकलाताई, वसुंधराराजे, सुप्रियाताई : आपल्याकडच्या राजकारणातल्या कर्तबगार बायकांची यादी करायला घेतली तर घराण्याशिवाय पुढे आलेल्या थोड्याच सापडतात. पक्षांची दारं बाईला सहसा घरातूनच उघडली गेली. नाव नको म्हणताना या बायकाही नकोत असं होता कामा नये. पण याला उलट बाजूही आहे. ग्वाल्हेरमध्ये २०२२ ला काँग्रेसनं ५७ वर्षांनी महापौरपद जिंकलं, महालाचं वजन तेव्हा भाजपच्या पारड्यात असताना. खूप जणांना तो नावाचा पराभव वाटला. पण महापौर झालेल्या शोभा सिकरवार आमदार सतीश सिकरवारांच्या पत्नी. सतीश यांचे वडील आमदार होते, भाऊही आमदार होते. जुनं नाव हललं की त्या जागी रिकामी पाटी येत नाही, नवं आडनाव येतं. दोनशे वर्षांच्या घराण्याबद्दल निदान आपण सावध असतो. वीस वर्षांच्या घराण्याला आपण घराणं म्हणतच नाही.

मग करायचं काय? उपदेश टाळून मी स्वतः करतो ते सांगतो.

प्रत्येक उमेदवाराला अर्जाबरोबर एक शपथपत्र द्यावं लागतं, फॉर्म २६. त्यात शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, कर्ज आणि दाखल असलेले गुन्हे हे सगळं असतं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निकालामुळे हा हक्क आपल्याला मिळाला, आणि आज ही कागदपत्रं निवडणूक आयोगाच्या साइटवर आणि ॲपवर फुकट बघता येतात. मी काय करतो, तर ते पान उघडून सगळ्यात वरचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अंगठ्यानं झाकतो आणि बाकीचं वाचतो. हा माणूस काय शिकला, काय करतो, पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली, गुन्हे कसले आहेत. खासदार असेल तर संसदेतली हजेरी आणि विचारलेले प्रश्न बघता येतात. खासदाराला मतदारसंघासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, तो कुठे सुचवला तेही बघता येतं. या सगळ्याला अर्धा तास लागतो. नवा मोबाइल घेताना आपण यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

एवढं वाचून झालं की अंगठा काढायचा. बाकीचं वाचून तो उमेदवार पटला असेल आणि नाव ओळखीचं निघालं, तर बिनधास्त मत द्या. ते मत आता नावाचं राहिलं नाही, तुमचं झालं. पटला नसेल आणि अंगठ्याखाली मोठं नाव निघालं, तर स्वतःला विचारा की त्या एका ओळीसाठी बाकीच्या सगळ्या ओळी माफ करायच्या का.

दुसरी गोष्ट, सुरुवात वॉर्डापासून करा. लोकसभेला लाटा असतात, तिथे एकटा माणूस काय करणार असं वाटतं. पण नगरपालिकेच्या वॉर्डात शे-दीडशे मतांनी निकाल फिरतो. गटार, नळ, दिवे, कचरा यांचा माणूस आपण तिथे निवडतो. आणि पुढची घराणी तिथेच रुजतात, कारण 'बाईंसाठी राखीव झाला, मग साहेबांची मंडळी उभ्या राहतील' हे आपण न विचारताच मान्य करतो.

तिसरी गोष्ट थोडी झोंबेल. आपल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींकडे बघा. कित्येक ठिकाणी अध्यक्षपद दोन-तीन घरांतच फिरतं. 'त्यांच्या वडिलांनी मंडळ उभं केलं' हे कारण खरं असतं. पण कोषाध्यक्ष कोणाला करायचं याचं ते उत्तर नव्हे. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना आपण गणपतीत खुर्च्या लावायला बोलावतो आणि मीटिंगला बोलावत नाही. मग ती येत नाहीत, आणि आपण म्हणतो नव्या पिढीला रस नाही. जे मंडळात चालतं तेच मोठ्या प्रमाणावर दिल्लीत चालतं, त्यात आश्चर्य कसलं?

राहता राहिला आजोबांचा प्रश्न, कृतज्ञतेचा. धरण बांधलं, दवाखाना बांधला, परक्या मुलखात आपल्या माणसांना जागा दिली, याचं ऋण आहेच. ते इतिहास नीट जपून फेडता येईल, जुन्या इमारती आणि मोडी दफ्तरं सांभाळून फेडता येईल, मुलांना मराठी शिकवून फेडता येईल. मत हा त्याचा हप्ता नाही. ज्यांनी १९१६ मध्ये तिघरा बांधला त्यांचं श्रेय त्यांच्याकडेच राहू द्या. उन्हाळ्यात तिघऱ्याची पातळी खाली जाते आणि नळाला एक दिवसाआड पाणी येतं, त्याचं उत्तर मात्र आज मत मागायला येणाऱ्यानंच द्यायला हवं, मग त्याचं आडनाव काहीही असो.

पुढच्या निवडणुकीत घरातल्या मोठ्यांशी यावर भांडू नका. त्यांच्या शेजारी बसा, मोबाइलवर त्या उमेदवारांची शपथपत्रं उघडा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. ते काय ठरवतील ते त्यांचं. तुम्ही काय ठरवाल ते मात्र तुमचं असू द्या.